खाऊन जा
(अम्हारिकमधल्या जोडशब्दांवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

भाच्याबरोबर पुण्याहून आलेला त्याचा इथिओपियन मित्र आमच्या ओट्यावर बसून बूट घालत होता. दोघांना भातोडीला जायचं होतं आणि ऊन चढायच्या आत निघायचं होतं. माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताचं पीठ पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाळा, भाकरी खाऊन जा."

भाच्याने इंग्रजीत अर्थ सांगितला. मुलगा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "माझी आई रोज सकाळी मला हेच म्हणते." आणि त्याने ते वाक्य त्याच्या भाषेत म्हणून दाखवलं : "बेल्तेह हिद."

मी उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. असं वाक्य कानावर पडलं की ते सोडवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. मी त्याला विचारलं, "यातलं 'जा' कुठलं?" तो म्हणाला, "हिद." मग 'बेल्तेह' म्हणजे काय? त्याने इंग्रजीत दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं, एकही त्याला पटेना. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, सरळ 'खाऊन' म्हणजे 'बेल्तेह'. शब्दाला शब्द बसतोय."

खरंच बसत होता. इंग्रजी माणूस इथे दोन आज्ञा देतो आणि मध्ये 'अँड' ठेवतो. माझ्या आईने आणि समुद्रापलीकडच्या त्या आईने एकच आज्ञा दिली होती, जायची. खाणं त्या जाण्याला आधीच बांधलेलं होतं. मध्ये जोडशब्द नव्हता, कारण जोडायचं काम क्रियापदानेच उरकलं होतं. मुलगा बूट काढून आत आला, भाकरी खाल्ली आणि मगच दोघं भातोडीला गेले. या पुस्तिकेचं बी त्या सकाळी पडलं.

अम्हारिक ही इथिओपियाच्या संघराज्याची कामकाजाची भाषा. अरबी आणि हिब्रू ज्या सेमिटिक कुळातल्या, त्याच कुळातली ही. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, आणि तसं दाखवण्याचा मोह मी या पुस्तिकेत कटाक्षाने टाळला आहे. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी चालत येऊन वाक्य बांधण्याच्या एकाच युक्तीपाशी पोचल्या, एवढंच माझं म्हणणं आहे. ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं की त्यासाठी सगळी पुस्तिका लिहावीशी वाटली.

नगरच्या माणसाने हबशी मुलखातल्या भाषेवर का लिहावं, असं काही मित्रांनी विचारलं. मला तो प्रश्न उलटा वाटतो. नगरच्या माणसाने नाही लिहायचं तर कोणी? 1490 साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली, तेव्हापासून ती बुडेपर्यंत या दरबारात हबशी सरदारांचा मोठा गट होता. मलिक अंबर याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. तो चंगीझखानही हबशीच. 1600 साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्यानंतर जवळजवळ पाव शतक ती शाही या माणसाने मनगटाच्या जोरावर जिवंत ठेवली. 1624 साली भातवडीला, म्हणजे आमच्या भातोडीला, त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. तो मुलगा बूट घालून ते गाव पाहायला निघाला होता, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांना भातोडी कुठे आहे हेही सांगता येत नाही. याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मात्र 'हबशी' हा शब्द फार मोठ्या मुलखाला पुरवलेला आहे. अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या, कंबाता अशा कितीतरी भाषा बोलणारी माणसं त्या एका नावाखाली दख्खनेत आली. म्हणून मलिक अंबरच्या तोंडी अम्हारिक घालून मी काही सिद्ध करू पाहत नाही. त्याने मला दार दाखवलं, एवढं पुरे.

आता मुद्द्याकडे येतो.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला उभयान्वयी अव्ययांचा तक्ता पाठ असतो. प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक असे दोन मोठे भाग. पहिल्यात समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम. दुसऱ्यात स्वरूप, कारण, उद्देश आणि संकेत. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. या मोठ्या माणसांनी मराठीला व्याकरणाची चौकट दिली. तिच्यात संस्कृतची परंपरा होती आणि समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुनाही होता. चौकट भक्कम आहे. पण ती मुलांना शिकवताना मला वर्षानुवर्षं एका ठिकाणी अडखळायला व्हायचं, आणि ती जागा म्हणजे 'म्हणून'.

पाऊस आला म्हणून थांबलो. इथे तो परिणाम दाखवतो. पाणी लागावं म्हणून विहीर खणली. इथे उद्देश. 'येतो' म्हणून गेला, तो आलाच नाही. इथे कोणाचं तरी बोलणं जसंच्या तसं आणून ठेवतो. शिक्षक म्हणून मी तीस वर्षं काढली. इथे जवळजवळ विभक्तीचं काम करतो. श्रीमंत झाला म्हणून काय झालं? इथे तर कारणाचा संबंधच तोडतो. गोदाकाठी अमुक म्हणून एक गाव होतं, असं आजी गोष्टीत सांगायची, तिथे नुसतं नाव सांगतो. एका शब्दाला तक्त्यातली तीन-चार घरं लागतात आणि तरी तो बाहेर उरतो. वर्गातला एखादा चलाख मुलगा विचारायचा, "सर, हा नक्की कुठला?" मी परीक्षेपुरतं उत्तर द्यायचो.

खरं उत्तर त्या शब्दाच्या पोटातच होतं. 'म्हणून' हे मुळात अव्यय नाहीच. 'म्हणणे' या धातूला 'ऊन' लागून झालेलं ते 'म्हटल्यानंतर' या अर्थाचं रूप आहे. पाऊस आला, असं म्हणून थांबलो. पाणी लागावं, असं म्हणून विहीर खणली. माणसाने मनात किंवा तोंडाने एक वाक्य उच्चारलं आणि ते उच्चारून दुसरी कृती केली. कारण, हेतू, निरोप, ओळख हे सगळं त्या एका 'म्हणण्यातून' निघालं.

ही माझी कल्पना नाही, भाषेचे अभ्यासक हे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. आपल्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांकडेही हाच प्रकार दिसतो. कन्नडमध्ये 'एंदु' आणि बोलीत 'अंत', तेलुगूत 'अनि' : ही सगळी 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंची रूपं आहेत आणि आपल्या 'म्हणून'चीच कामं करतात. दख्खनी बोलणारी माणसं 'बोलके' म्हणतात, तेही तेच. संस्कृतात हे काम 'इति' करायचा, पण तो क्रियापदातून आलेला नाही. मराठीने इथे दख्खनच्या मातीतली रीत उचलली.

आणि आता त्या मुलाच्या भाषेकडे पाहा. अम्हारिकमध्ये 'ब्ल' हा 'म्हणणे' या अर्थाचा धातू, आणि 'म्हणून' या अर्थाचं त्याचं रूप 'बिलो'. 'येतो म्हणून गेला' याचं अम्हारिक होतं 'इमेताल्लेहु बिलो हेदे'. इमेताल्लेहु म्हणजे येतो, बिलो म्हणजे म्हणून, हेदे म्हणजे गेला. तीन शब्दांना तीन शब्द, त्याच क्रमाने. आणखी बारकाईने पाहिलं तर जाणारा 'तो' असला तरी आत 'मी'चंच रूप राहिलं आहे. मराठीत आपण 'येतो' म्हणून गेला असं म्हणतो, तिथेही बोलणाऱ्याचे मूळ शब्द हलवत नाही. इंग्रजीत पुरुष आणि काळ बदलायचे नियम मुलं घोकून घोकून थकतात. या दोन भाषांना त्याची गरजच पडत नाही, कारण दोघी दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडून ऐकवतात.

उद्देशाचं वाक्य घ्या. 'पाणी पिऊ म्हणून पोरगा आला' याला 'लिजु विहा लितेता बिलो मेता'. लिजु पोरगा, विहा पाणी, लितेता पिऊ, बिलो म्हणून, मेता आला. पुन्हा तीच ओळ. हे वाक्य मी प्रथम लिहून घेतलं तेव्हा वर्गातल्या त्या चलाख मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याला द्यायचं उत्तर मला तीस वर्षांनी, परक्या भाषेच्या हातून मिळालं होतं.

या पुस्तिकेत एकच गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. वाक्य वाक्याला जोडायचं असलं की मराठी माणूस पहिल्यांदा 'आणि', 'पण', 'कारण' यांच्याकडे धावत नाही. तो क्रियापदाकडे जातो आणि त्याच्या शेपटाला गाठ मारतो : जेवून, जेवताना, जेवल्यावर, जेवल्यामुळे, जेवला तर, जेवला तरी, जेवता जेवता. जोडशब्द हे राखीव फौजेसारखे मागे उभे असतात. शाळेतल्या तक्त्याने राखीव फौजेची मोजदाद केली आणि आघाडीवर लढणारी माणसं 'धातुसाधित' नावाच्या वेगळ्या प्रकरणात नेऊन ठेवली. अम्हारिककडे बघितलं की आपल्याच भाषेचा हा विसरलेला चेहरा समोर येतो. म्हणून तिची उभयान्वयी अव्ययं इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून शिकणं सोपं आहे, असा माझा ठाम अनुभव आहे.

यात एक मोठा फरक आहे आणि शिकणाऱ्याची पहिली ठेच तिथेच लागते. मराठी गाठ क्रियापदाच्या शेवटी बसते, अम्हारिक बहुतेक वेळा सुरुवातीला. 'मेता' म्हणजे आला. 'सिलेमेता' म्हणजे आल्यामुळे. 'सिमेता' म्हणजे येताना, तो आला तेव्हा. 'इंदेमेता' म्हणजे आल्याचं, तो आला असं. 'इंदेमेता सेमाहु', आल्याचं ऐकलं. 'बेला' म्हणजे खाल्लं, 'इय्येबेला' म्हणजे खात खात. आपण जे काम क्रियापद दोनदा म्हणून करतो, ते त्यांनी पुढे 'इय्ये' लावून केलं. 'केबेला बेह्वाला' म्हणजे जेवल्यानंतर. इथे गाठ दोन्ही टोकांना आहे, पुढे 'के' आणि मागे 'बेह्वाला'. मराठी जीभ सवयीने 'मेतासिले' म्हणायला जाते. मी स्वतः कितीतरी दिवस तसं म्हणत होतो आणि तो मुलगा फोनवर हसू आवरून दुरुस्त करायचा. गाठ ओळखीची, फक्त दोरीचं दुसरं टोक धरायचं, हे मनात पक्कं झालं की पुढचा रस्ता मोकळा होतो.

'ऊन'चं रूप मात्र त्यांनी शेपटालाच ठेवलं आहे आणि आपल्यापेक्षा जास्त सजवलं आहे. आपलं 'खाऊन' सगळ्यांना एकच. मी खाऊन, तू खाऊन, त्या खाऊन. अम्हारिकमध्ये खाणारा कोण ते त्यातच कळतं : तो असेल तर बेल्तो, ती असेल तर बेल्ता, आम्ही असू तर बेल्तेन. आई मुलाला म्हणते बेल्तेह हिद, मुलीला म्हणते बेल्तेश हिजी. याचा एक फायदाही आहे. 'ऊन'च्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता वेगळे असले तरी अम्हारिकचं वाक्य तोल सांभाळतं, कारण प्रत्येक क्रियापद आपला कर्ता खिशात घेऊन फिरतं. मराठीत 'तो येऊन मी गेलो' म्हटलं की कानाला खटकतं. आपल्याला लगेच 'तो आल्यावर' असं म्हणावं लागतं.

सुट्या जोडशब्दांतही जी जवळीक सापडली, ती पुस्तिकेत सविस्तर आहे. त्यातल्या दोन गोष्टी मात्र इथेच सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भातोडीहून परत आल्यावर संध्याकाळी आईने विचारलं, "चहा की कॉफी?" मुलाने भाच्याकडे बघून विचारलं, हा 'की' म्हणजे काय? भाच्याने सांगितलं, किंवा. मी मध्ये पडलो. 'की' आणि 'किंवा' हे एक नव्हेत. "चहा किंवा कॉफी घे" म्हटलं तर काहीही चालेल. "चहा की कॉफी?" म्हटलं तर दोन्हींतलं एक निवडायचं आणि उत्तर द्यायचं. मी हे समजावून सांगतोय तोवर त्याचे डोळे मोठे झाले. त्यांच्याकडेही असे दोन शब्द आहेत. विधानात 'वेयिम', प्रश्नात 'वेयिस'. "शाय वेयिस बुना?" म्हणजे चहा की कॉफी? बुना म्हणजे कॉफी, आणि कॉफीचं मूळ घर तर त्यांचंच. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'ऑर' हा एकच शब्द. मराठी शिकवणाऱ्या किती शिक्षकांना हा 'की' आणि 'किंवा'मधला भेद नीट सांगता येतो, मला शंका आहे. मला तरी तो त्या संध्याकाळी एका पाहुण्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. त्याने उत्तर दिलं, "चहा." शब्द बरोबर उच्चारला.

दुसरी गोष्ट 'आणि'ची. अम्हारिकमध्ये 'आणि'साठी 'ना' आहे, आणि तो पहिल्या शब्दाला चिकटून येतो : 'दाबोना बुना', पाव आणि कॉफी. आमच्याकडे 'डाळ नि भात', 'आला नि गेला' म्हणतात, तो 'नि'ही असाच आधीच्या शब्दाच्या अंगावर रेलतो. दोघांचा आवाज जुळतो हा निव्वळ योगायोग, मी त्यावर काही बांधत नाही. पण रेलण्याची सवय दोघांचीही सारखी आहे, आणि ती महत्त्वाची. तीच सवय आमच्या खेड्यातल्या 'बी'ची. 'मी बी, तू बी' याला ते म्हणतात 'इनेम, आंतेम'. शेवटचा 'म' म्हणजे आमचा 'बी'. हाच 'म' क्रियापदाला लागला की 'बिमेताम', आला तरी. आपणही 'येऊन'ला 'ही' लावून 'येऊनही' करतो आणि उलट अर्थ काढतो. 'सुद्धा' अर्थाच्या एवढ्याशा अक्षराने विरोध दाखवायची ही युक्ती किती नाजूक आहे! 'गिन' म्हणजे पण. मात्र तो कर्त्याच्या मागेही उभा राहतो : 'इसु गिन आल्मेताम', तो मात्र आला नाही. इथे 'पण'पेक्षा 'मात्र' हेच अचूक भाषांतर, आणि तसं करायला मराठीकडे शब्द तयार आहे.

'व'चीही हकीकत अशीच. मराठीतला 'व' आपल्याला घरचा वाटतो, पण कोशकार त्याचं मूळ फारसी-अरबीकडे दाखवतात. निजामशाही, आदिलशाहीच्या काळात फारसी दफ्तर आणि मोडी दफ्तर शेजारी शेजारी चालत होती. त्या शेजारातून 'व', 'शिवाय' आणि 'सबब' हे जोडशब्द मराठीत आले. 'सबब' आजही तहसीलच्या नोटिशीत भेटतो. अरबीतला हा 'व' सेमिटिक कुळाचा फार जुना वारसा. अम्हारिकची थोरली नातलग म्हणजे गीझ, जी आज इथिओपियन चर्चमध्ये प्रार्थनेपुरती उरली आहे. तिच्यातही 'आणि' म्हणजे 'व'च, शब्दाच्या आधी लागणारा. अम्हारिकने बोलण्यात तो सोडला आणि 'ना' धरला. गीझमध्ये क्रियापद वाक्यात आधी येतं. अम्हारिकमध्ये ते शेवटी गेलं, आणि शेजारच्या कुशिटिक भाषांच्या सहवासाने हे घडलं असं अभ्यासक मानतात. मराठीवर द्रविड शेजाराचा जसा ठसा, तसा अम्हारिकवर कुशिटिक शेजाराचा. दोन्ही भाषांना रक्तापेक्षा शेजार जास्त लागला, असं मला वाटतं.

'व'चा हा वारसा मराठी बायबलातही भेटतो. नगरमध्ये अमेरिकन मिशन 1831 साली आलं आणि 1842 साली त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच सुरू झालं. मराठी बायबल वाचणाऱ्याला त्यातलं वाक्यामागून वाक्य 'आणि'ने सुरू झालेलं दिसतं. लहानपणी ते मला अवघडलेलं मराठी वाटायचं. पुढे कळलं की ते 'आणि' हिब्रूतल्या 'व'चं ओझं वाहत आहेत. गीझ बायबलातही वाक्याच्या तोंडाशी तसाच 'व' आहे. माझ्या लहानपणीच्या त्या नापसंतीबद्दल आता मला वाईट वाटतं. तो भाषांतरकाराचा दोष नव्हता, मुळाशी ठेवलेली निष्ठा होती.

आणि जोडणीच्या मराठी कसबाचा सर्वांत श्रीमंत ठेवा आमच्याच जिल्ह्यात आहे. नेवाशाला, प्रवरेकाठी, शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिथल्या पैसाच्या खांबाजवळ उभं राहिल्यावर बहुतेकांना भक्ती आठवते, मला 'म्हणौनि' आठवतो. ओव्यांमागून ओव्या एका उपमेत जातात, ती उपमा दुसरीत शिरते, आणि मग एक 'म्हणौनि' येतो आणि सगळा पसारा मुठीत घेऊन सिद्धान्तापाशी आणून ठेवतो. जोडीला 'परी', 'जरी-तरी', 'ना तरी', 'जैसें-तैसें', 'कां'. श्रोत्यांसमोर बोलून सांगितलेला तो ग्रंथ. म्हणून त्याचे जोडशब्द कानासाठी घडले आहेत, डोळ्यासाठी नाहीत. दुसरीकडे सराळ्याच्या म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या गद्यात छोटी छोटी वाक्यं 'मग'च्या दोऱ्यात ओवली. दोन्ही तऱ्हा एकाच शतकातल्या. वाक्यं कशी बांधावीत हे ज्याला शिकायचं असेल त्याने या दोघांना वाचावं. मी शाळेत असताना हे कोणी सांगितलं नाही, आणि शिक्षक झाल्यावरही मला ते उमजायला फार उशीर झाला.

अम्हारिकचं पहिलं छापील व्याकरण हिओब लुडोल्फ या जर्मन पंडिताने 1698 साली काढलं. तो स्वतः इथिओपियाला कधी गेला नव्हता. त्याला ती भाषा अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूने शिकवली. रोममध्ये दोघं भेटले, पुढे जर्मनीत एकत्र बसून काम केलं. परतीच्या वाटेवर 1658 साली जहाज बुडून गोर्गोर्योस गेला. चाळीस वर्षांनी पुस्तक बाहेर आलं तेव्हा ते पाहायला तो नव्हता. विल्यम केरीचं 1805 सालचं मराठी व्याकरण आठवलं की मला त्याच्यामागचे पंडित वैजनाथ आठवतात. परक्याला आपली भाषा शिकवणारा माणूस नेहमी शेजारी बसलेला असतो, आणि मुखपृष्ठावर त्याला जागा नसते. माझ्या या पुस्तिकेच्या प्रत्येक पानामागेही एक मुलगा आहे. त्याने स्वतःचं नाव छापायला नको म्हणून सांगितलं आहे, आणि मी त्याचा शब्द मोडत नाही.

लिपीबद्दल थोडं. अम्हारिकची 'फिदेल' आपल्या बाराखडीच्या जातीची आहे. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, सात स्वरांसाठी. बाराखडी गिरवलेल्या मुलाला ती कळायला वेळ लागत नाही, फक्त आकार नवे. या पुस्तिकेत मी सगळी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. त्यात तडजोड आली. पहिल्या घरातला स्वर आपल्या 'अ' आणि 'ए' यांच्या मधोमध आहे, मी तो 'ए' असा लिहिला आहे. 'मेता'मधला 'त' घशात श्वास अडवून फोडायचा असतो, तो कागदावर दाखवता येत नाही. उच्चार कोणाकडून तरी ऐकूनच घ्यावा. जोडशब्दाला तिथे 'मेस्तेत्सामिर' म्हणतात, म्हणजे जोडणारा. मूळ गीझ शब्द आहे, आपल्याकडे 'उभयान्वयी' हा जसा संस्कृतातून आला तसाच.

प्रकरणांची रचना मी शाळेतल्या तक्त्याप्रमाणे केलेली नाही. पहिलं प्रकरण 'ऊन'चं आहे, दुसरं 'म्हणून'चं, मग 'ताना', 'मुळे' आणि 'तरी'. 'आणि', 'पण', 'किंवा' सर्वांत शेवटी आहेत. ज्यांना परीक्षेसाठी तक्ता हवा असेल त्यांची गैरसोय होईल, हे मला माहीत आहे. पण मला ही भाषा याच क्रमाने उलगडत गेली, आणि एखाद्या मराठी घरातल्या मुलालाही ती याच क्रमाने जवळची वाटेल असा मला विश्वास आहे. उदाहरणं शक्यतो स्वयंपाकघरातली, शेतातली आणि एसटीतली घेतली आहेत. 'इंजेरा' ही त्यांची तेफच्या पिठाची आंबवलेली पोळी आमच्या आंबोळीच्या वळणाची, म्हणून काही वाक्यांत मी ती तशीच राहू दिली आहे.

चौथ्या दिवशी मी त्या मुलाला माळीवाडा स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागली होती. आईने बांधून दिलेल्या दशम्यांची पिशवी त्याने मांडीवर ठेवली. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत हे आईने त्याला आदल्या रात्री शिकवलं होतं. गाडी हलली तसा खिडकीतून हात बाहेर काढून तो आधी मराठीत म्हणाला, "येतो, मामा." मग त्याच्या भाषेत म्हणाला, "इमेताल्लेहु." पुस्तिकेतल्या दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तेच आहे : इमेताल्लेहु बिलो हेदे. येतो म्हणून गेला.